मुख्य तक्रार

शुद्धलेखन मला पहिल्यांदा भेटला तेव्हा मी उभ्या-उभ्या झोपले होते. खरंच! सकाळचे सात, नाईट संपत आलेली. वॉर्डच्या टेबलाशी रजिस्टरवर वाकून रिपोर्ट लिहीत होते आणि पेन तिथंच टेकून राहिलं.

"सिस्टर, ही 'झोप' इतकी लांब का झालीय?"

दचकून डोळे उघडले. ओली छत्री सांभाळत एक चष्मेवाला माझ्या रजिस्टरमध्ये डोकावत होता. माझ्या 'प'ची शेपटी पानाच्या तळापर्यंत गेली होती.

"कोण तुम्ही? भेटायची वेळ चारला असते."

"मी हॉस्पिटलमागच्या मेडिकल कॉलेजात शिकवतो. डॉक्टर होणाऱ्या मुलांना लिहायला शिकवतो."

"एवढं शिकून त्यांना लिहिताही येत नाही?"

"तुम्ही त्यांच्या चिठ्ठ्या वाचल्या नाहीत वाटतं!"

मला हसू फुटलं. नाईटनंतर हसायची सवय मोडली होती, गाल दुखले.

जाता जाता त्यानं बोर्डावरच्या 'सुचना'चा 'सु' लाल पेनानं दीर्घ केला, आणि त्याच दिवशी आम्ही त्याचं बारसं केलं... शुद्धलेखन. मुलांना उदाहरणं हवीत म्हणून तो रोज सकाळी आमचं रजिस्टर वाचायला यायचा. तसं सांगायचा तरी.

"नऊ नंबरचे आजोबा पहाटे दाराकडे बघत बसले. म्हणाले, घरी कोंबड्या कोण सोडणार." माझी ओळ तो मोठ्यानं वाचायचा. "सिस्टर, हे सोनं आहे! आणि त्याच्यापुढे हे काय? शांत झोप. तक्रार नाही. प्रत्येकाच्या पुढे तेच!"

"पद्धत आहे तशी."

"तक्रार नाही म्हणजे कुणी विचारलंच नाही."

"लिहिलं तरी वाचतंय कोण? सगळे नुसती सही ठोकतात."

"मी वाचतो ना," तो म्हणाला, आणि पानावरची नजर माझ्याकडे वळली. "आणि तुमची झोप? तब्येत?"

"तक्रार नाही," मी म्हणाले. चटकन, हसत.

तक्रार नाही म्हणे! दोघी जणी नोकरी सोडून गेल्या होत्या, तीन महिने मी सलग नाईट करत होते. पाय सुजून बूट चढत नव्हते. पाळी महिनोन्‌महिने गायब. दिवसा खिडकीला चादर लावून पडायचे, तर छाती धडधडायची आणि स्वयंपाकघरात आईचा मिक्सर. आई म्हणायची, "दिवसाढवळ्या लोळतेस, लोक काय म्हणतील?" लोक! लोकांचंच तर रात्रभर करत होते.

एकदा तो माझ्याच बसमध्ये चढला. काहीतरी गोड बोलत होता, आणि मी त्याच्या खांद्यावर डोकं टेकून ठार झोपले. जाग आली तेव्हा बस शेवटच्या थांब्यावर रिकामी उभी होती.

"अहो, उठवायचं नाही का! तुमचा लेक्चरचा तास?"

"बुडाला."

"का पण?"

"तू... तुम्ही झोपला होतात," तो म्हणाला. त्याचा शर्ट खांद्यावर चुरगळला होता. मला त्या चुरगळलेल्या खांद्याची इतकी हाव सुटली, की लाज वाटली.

मग पाऊस सरला आणि त्याचं वर्षाचं कंत्राटही. बुधवारी सकाळी तो आला, तेव्हा रजिस्टर उघडलंच नाही.

"उद्या सकाळी निघतोय. तिकडे दुसऱ्या कॉलेजात जागा मिळालीय. आईनं एक मुलगी बघून ठेवलीय, रविवारपर्यंत उत्तर मागतेय." त्यानं केसपेपरचा एक छापील कागद पुढे केला. "मुलांना मी पहिल्यांदा हाच रकाना शिकवतो. मुख्य तक्रार, रुग्णाच्या स्वतःच्या शब्दांत. तू लिहून दे. तोंडानं तू खोटं बोलतेस."

पहिल्यांदाच पुरतं 'तू' म्हणाला. मी कागद घडी करून खिशात ठेवला. खिशावर हात ठेवूनच घरी गेले.

नेमकी तिथंच माशी शिंकली. दुपारपाळीची आली नाही म्हणून मला दोनलाच बोलावलं, आणि नाईट तर माझीच होती. गुरुवारी सकाळी सोळा-सतरा तास अंगावर घेऊन मी टेबलाशी बसले. एका हाताशी रजिस्टर, नऊ नंबरची ओळ तेवढी राहिलेली. दुसऱ्या हाताशी त्याचा कागद. डोळ्यांपुढे अक्षरं पोहत होती. दोन्ही लिहून टाकलं. फाटकाशी त्याच्या हातात घडी दिली.

"बसमध्ये वाचा हं... आता नको."

संध्याकाळी त्याचा मेसेज आला. 'वाचलं. काळजी घ्या, सिस्टर.'

तुम्ही! सिस्टर! म्हणजे नकोय मी त्याला. उशीत तोंड खुपसून रडले. फोन करून भीक कशाला मागायची? महिन्याभरानं त्याच्या साखरपुड्याचा फोटो सगळ्यांच्या मोबाईलवर फिरला. मुलगी छान होती. ताजी, झोप झालेली.

परवा नऊ नंबरचे आजोबा पुन्हा दाखल झाले. डॉक्टरांनी जुना रिपोर्ट मागितला, म्हणून मी कपाटातून मागचं रजिस्टर काढलं. गुरुवारचं पान. नऊ नंबर. अक्षर माझंच.

'तुम्ही गेलात तर मला सकाळ उरणार नाही. मी फार दमले आहे. मला घेऊन चला.'

मग त्याच्या कागदावर मी काय लिहिलं होतं? विचारायची गरज नव्हती, हाताला पाठच होतं. मुख्य तक्रार: शांत झोप. तक्रार नाही.

आणि रजिस्टरमधल्या त्या ओळीखाली तीन सह्या होत्या. इनचार्ज बाईंची, राऊंडच्या डॉक्टरांची, मेट्रनची. सगळ्यांनी सही केली होती. वाचणारा एकच होता, तो त्या सकाळी बसमध्ये बसला होता.

ड्यूटी संपल्यावर जिन्यात उभी राहून मी फोन लावला.

"सिस्टर!" मागे बायकांच्या हसण्याचा आवाज, कुणीतरी त्याला कापडाचा रंग विचारत होतं. "किती दिवसांनी! सगळं ठीक? बोला ना... काही तक्रार?"

ओठांपर्यंत आलं होतं. अगदी स्वतःच्या शब्दांत. पण मागून ती मुलगी काहीतरी म्हणाली आणि तो हसला, मोकळं, सुखाचं.

"नाही," मी म्हणाले. "तक्रार नाही."

"अजून तेच!" तो म्हणाला. "बरं... घरी जा. झोपा आता."

घरी गेले. खिडकीला चादर लावली, आईनं त्या दिवशी मिक्सरही लावला नाही. झोप लागली नाही.