तुटक्या पुलाकडे

मंदवेली स्टेशनच्या जिन्यावर माझ्या मागे पावलं वाजत होती आणि मी फोन कानाला घट्ट दाबून आईशी बोलत होते.

“आई, मागे एक माणूस आहे. तिरुवान्मियूरपासून आहे. माझ्याच डब्यात होता, आता माझ्याच जिन्यावर आहे.”

“दिसायला कसा आहे?” औशाहून आईचा आवाज.

“उंच. सावळा. मिशा आहेत. डोळे... डोळे तसे चांगले आहेत, पण माणूस चांगला नसणार. खांद्याला पिशवी आहे. तिच्यात काय असेल कुणास ठाऊक.”

तेवढ्यात मागून अगदी शांत आवाज आला, “कॅमेरा आहे. आणि सहा केळीं.”

माझा पाय पायरीवरच थिजला. चेन्नईत येऊन मला दोन महिने झाले होते. या शहरात साधं दूध मागायचं तरी मला हातवारे करावे लागत. आणि हा माणूस चक्क मराठी बोलत होता. कुठल्या तरी जुन्या पोथीतून उठून आल्यासारखं मराठी, त्यावर तमिळचा हेल.

“भिऊं नका,” तो म्हणाला. “मी तुमच्या मागें येत नाहीं, घरीं जातों आहें. घर पुढल्या गल्लींत. तुम्ही पुढें व्हा, मी येथेंच उभा राहतों. दहा मिनिटें पुरेत काय?”

मी धावत सुटले. रस्त्यावर पोचल्यावर मान वळवून पाहिलं, तर तो खरंच जिन्यावर उभा होता... केळं सोलत.

२००७ सालचा जुलै होता तो. उंचावरून धावणाऱ्या त्या रेल्वेची स्टेशनं म्हणजे एक अजब प्रकरण होतं. राजवाड्याएवढाली, काँक्रीटची, आणि रिकामी. संध्याकाळी साडेसातला अख्ख्या फलाटावर चार माणसं. तीन दिव्यांतला एक चालू. आपलीच पावलं भिंतीवर आपटून परत यायची आणि कुणी तरी मागे आहे असं वाटायचं. ऑफिस ते हॉस्टेल हा पंधरा मिनिटांचा प्रवास मी श्वास रोखूनच करायची.

मी होतेच भित्री. लिफ्टला भ्यायची, पुलांना भ्यायची, दार बंद केलेल्या खोलीला भ्यायची. झोपताना चपला दाराकडे तोंड करून ठेवायची. त्याला कारण होतं, पण ते मी कुणाला सांगत नसे.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा त्याच गाडीत होता. मला पाहिल्याबरोबर उठला, डब्याच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि माझ्याकडे पाठ करून बसला. तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मलाच राहवेना. मी डबाभर चालत गेले आणि त्याच्यासमोर उभी राहिले.

“आज पिशवीत काय आहे?”

“नुसता कॅमेरा.” त्याने वर पाहिलं. “त्या दिवशीं कोणी माझे डोळे चांगले म्हणालें. त्या आनंदांत तीन दिवस केळीं घ्यायचीं विसरलों.”

माझे कान तापले. मी खिडकीकडे पाहू लागले. बाहेर बकिंगहॅम कालव्याचं काळं पाणी होतं, तेही मी फार मन लावून पाहिलं.

त्याचं नाव गिरीधर. तंजावरकडची मराठी मंडळी. आजोबा नोकरीसाठी चेन्नईला आले आणि इथलेच झाले. घरी तो आणि त्याची आई, कृष्णवेणीअम्मा. अड्यारच्या एका छोट्या साप्ताहिकात तो काम करायचा. दर रविवारी फुकट घरोघरी टाकलं जाणारं, आठ पानी. त्यात त्याचं अर्ध्या पानाचं सदर होतं. गावातली अशी एखादी गोष्ट, जिच्यासमोरून लोक रोज जातात आणि जिच्याकडे कुणी पाहत नाही.

“गाव?” मी विचारलं. “चेन्नई गाव आहे?”

“मला आहे. तुम्हांस दाखवूं काय? आमची मराठी तीनशें वर्षांची शिळी आहे, पण वाट बरोबर सांगतें.”

मग शनिवार सुरू झाले. गिंडीच्या सर्पोद्यानात मी काचेपासून दहा हात लांब उभी राहिले आणि त्याने तेवढ्याच अंतरावरून मला प्रत्येक नागाची माहिती दिली, एकदाही ‘जवळ या’ न म्हणता. अड्यारच्या बागेतला तो अवाढव्य वड पाहिला. त्याचं मूळ खोड कधीच वादळात पडलंय, आणि तरी झाड उभं आहे. एका शनिवारी जॉर्ज टाउनमध्ये गेलो. तिथे एकेका बोळात एकेकच धंदा. एकात फक्त वजनकाटे, एकात फक्त आरसे, एकात नुसत्या लग्नपत्रिका. त्या बोळात शिरलो तर एक म्हातारा दुकानदार आम्हाला पाहून लगबगीने उठला आणि पत्रिकांचा गठ्ठाच त्याने समोर ठेवला.

“काय म्हणतायत ते?” मी हळूच विचारलं.

“तारीख विचारताहेत.”

“मग... सांगा ना त्यांना.”

“काय सांगूं?”

“की तसं काही नाही म्हणून.”

गिरीधर त्यांच्याशी तमिळमध्ये बरंच काही बोलला. म्हातारा हसला आणि त्याने मला एक नमुन्याची पत्रिका देऊन टाकली.

“काय सांगितलंत?”

“तारीख अजून ठरली नाहीं, इतकेंच.”

त्या दिवसापासून आम्ही एकमेकांना अरे-तुरे करू लागलो. कुणी आधी सुरुवात केली ते आठवत नाही.

ऑगस्टच्या शेवटी त्याने तुटक्या पुलाचं नाव काढलं. अड्यार नदी जिथे समुद्राला मिळते तिथे एक जुना पूल आहे. कधी काळी पुराने त्याचा मधला भाग वाहून गेला आणि दोन्ही तुकडे तसेच राहिले. पूल चालत चालत जातो आणि एकदम संपतो. खाली पाणी. कोळी त्या टोकावर बसून गळ टाकतात.

“मी नाही येणार,” मी म्हणाले.

“कां?”

“नाही म्हणजे नाही.”

आम्ही फलाटावरच्या बाकावर बसलो होतो. त्याने पुन्हा विचारलं नाही. कदाचित म्हणूनच मी बोलले. त्र्याण्णवचा भूकंप झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. आजोबांच्या कुशीत झोपले होते. पहाटे जमीन गुरगुरली आणि घर आमच्यावर आलं. दुपारपर्यंत आम्ही दोघं ढिगाऱ्याखाली होतो. आजोबा सुरुवातीला माझ्याशी बोलत होते. मग बोलायचे थांबले.

“मला बाहेर काढलं,” मी म्हणाले. “तेव्हापासून मला पायाखालचं काहीच खरं वाटत नाही.”

गाडी आली, गेली, आम्ही बसूनच राहिलो. त्यानंतर कुठेही गेलो की, हॉटेल असो की देऊळ, तो आत शिरताच सहज बोलल्यासारखं सांगायचा, “येथें दोन दारें आहेत. एक मागें, एक आपल्या उजव्या हातास.” आणि दाराजवळची खुर्ची माझ्यासाठी ओढायचा.

इतकं कुणी माझ्यासाठी कधी केलं नव्हतं. त्याचीही भीती वाटायला लागली. आपलं झालेलं माणूस... आणि मग?

सप्टेंबरातला तो बुधवार. सकाळी गाडीत तो म्हणाला होता, “आज चार वाजतां पुलावर जातों. लेख उद्यां द्यायचा आहे. तूं येत नाहींस, तर तुझ्या वांट्याचेंही पाहून येतों.”

पाच वाजून गेल्यावर ऑफिसात माझ्या शेजारची सुष्मिता कॉम्प्युटरकडे पाहत म्हणाली, “रेवा, सुमात्रात भूकंप झालाय. मोठा.”

आमच्याकडे काहीच हललं नव्हतं. तरी मी टेबलाची कड धरली. मग कुणी तरी टीव्ही लावला. खाली एकच पट्टी धावत होती: त्सुनामीचा इशारा, किनाऱ्यावरच्या लोकांनी दूर जावं. तीन वर्षांपूर्वीचा डिसेंबर तिथे प्रत्येकाला आठवत होता.

मी फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. सगळ्या शहराने एकदम फोन उचलले होते बहुतेक.

“कुठे चाललीस?” सुष्मिताने विचारलं.

“समुद्रावर.”

“वेडी आहेस का?”

मी लिफ्टची वाट पाहिली नाही. पाच मजले जिन्याने उतरले. रिक्षावाल्याला ‘बेसंट नगर’ म्हटलं तर त्याने माझ्याकडे पाहून मान हलवली. दुसऱ्याला मी काय बोलले मला ठाऊक नाही, पण त्याने नेलं. तेही फक्त बस-स्टँडपर्यंत. पुढे रस्ता भरून माणसं उलट्या दिशेने येत होती. डोक्यावर बोचकी, सायकलला बांधलेला गॅसचा सिलिंडर, कडेवर पोरं, टीव्ही पोटाशी धरलेला एक म्हातारा. कुणी ओरडत नव्हतं. फक्त चपलांचा आवाज. तो आवाज मी अजून विसरलेले नाही.

मी त्या गर्दीत उलटी शिरले. समुद्र दिसत नव्हता, ऐकू येत होता. डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: पूल एकदम संपलाय आणि त्याच्या टोकावर गिरीधर कॅमेरा डोळ्याला लावून उभा आहे.

पुढे पोलिसांनी रस्ता अडवला होता. एका हवालदारीणबाईंनी माझा दंड धरला.

मी मोडक्या तमिळमध्ये म्हणाले, “तिकडे... पूल... माझा...” माझा कोण? मला शब्दच सापडेना. तमिळमध्येही नाही आणि मराठीतही नाही.

“हस्बंडा?” बाईंनी विचारलं. नवरा का?

“आमा,” मी म्हणाले. हो.

बाईंचा आवाज एकदम मऊ झाला. त्यांनी सांगितलं, पुलाकडे आता कुणी नाही, सगळ्यांना उठवलंय. माझा विश्वास बसेना. मग त्यांनी मला जवळच्या बंद दुकानाच्या पायरीवर बसवलं, बाटलीतलं पाणी दिलं आणि परत जाऊन उभ्या राहिल्या. मी येणाऱ्या प्रत्येक चेहऱ्याकडे पाहत राहिले. उंच माणूस दिसला की उठायची, तो नाही म्हणून बसायची. असं किती वेळ चाललं कुणास ठाऊक. अंधार पडायला आला.

आणि मग तो आला... समुद्राकडून नव्हे, शहराकडून. धावत. शर्ट घामाने अंगाला चिकटलेला, पायात एकच चप्पल.

माझ्याआधी हवालदारीणबाईंनीच त्याला गाठलं. माझ्याकडे बोट दाखवून त्या कडाडल्या. एवढं तमिळ मला कळलं: बायको इथे तासभर रडतेय आणि तू होतास कुठे?

गिरीधरने बाईंकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग तो येऊन माझ्या शेजारी पायरीवर बसला.

“बायको?” त्याने धापा टाकत विचारलं.

“मला दुसरा शब्द येत नव्हता.”

“तूं येथें काय करतेस, रेवा? समुद्राकडे पळतें काय कोणी?”

“तू पुलावर होतास.”

“नव्हतों. कोळ्यांच्या रेडिओवर भूकंप म्हणाले, तसा निघालों. मला दुसरें कांहीं सुचलें नाहीं. तूं पांचव्या मजल्यावर, आणि भूकंप हा शब्द...” त्याने तोंडावरून हात फिरवला. “तुझ्या ऑफिसांत गेलों. सुष्मिता म्हणाली, ती समुद्राकडे गेली.”

त्याने समुद्राच्या दिशेने हात केला.

“डिसेंबरच्या त्या सकाळीं मी याच किनाऱ्यावर होतों. पाणी डोळ्यांनीं पाहिलें. तेव्हां असा भ्यालों नव्हतों.”

समोरून माणसं जातच होती. पोलिसांच्या गाडीतून भोंग्यावर काही तरी सांगत होते, आणि इशारा उठलाय की नाही ते मला कळत नव्हतं. मी विचारलंही नाही.

“मला तूं होणा,” तो म्हणाला.

“मी काय होऊ?”

“होणा... अय्यो.” त्याने डोळे मिटले. “आमच्यांत ‘पाहिजे’ला होणा म्हणतात. पाणी होणा. कॉफी होणा.” डोळे उघडून त्याने माझ्याकडे पाहिलं. “तूं होणा.”

“कॉफीनंतर नंबर लावलास माझा?”

“रेवा...”

“मलाही,” मी म्हणाले. “मलाही तू होणा. पण मला फार भीती वाटते, गिरी. तू रोज कुठे कुठे जातोस, मी रोज अशीच घाबरणार.”

“घाबर. मीही आजपासून घाबरणार. दोघें मिळून घाबरूं.”

हवालदारीणबाईंनी आम्हाला हात केला. इथे बसू नका, चला, आत शहरात चला. आम्ही उठलो आणि गर्दीबरोबर अड्यारकडे चालू लागलो. तो एका पायाने लंगडत होता. एका आजीबाईंचं बोचकं त्याने मागून घेतलं, तर त्यांची कोंबडी मला धरावी लागली. तिचं काळीज माझ्या हातात धडधडत होतं.

“कुठे जायचं?” मी विचारलं.

“घरीं. अम्मास सांगूं.”

“आज? आत्ता?”

“आत्तां. उद्यां मला धीर होणार नाहीं. अम्मा पहिल्यानें विचारील, जेवलांत काय. मग विचारील, ही मुलगी कोण.”

“मग तू काय सांगशील?”

त्याने मागे वळून रस्त्याच्या तोंडाशी उभ्या असलेल्या बाईंकडे पाहिलं.

“बायको आहे म्हणून सांगेन. पोलिसांनींच ठरविलें, माझा कांहीं दोष नाहीं.”

मला हसू आलं नाही, इतकी मी घाबरले होते. कोंबडी नीट पोटाशी धरली आणि त्याच्या पावलाला पाऊल जुळवत चालत राहिले.