जांभळी सुतळी

१९८४ च्या फेब्रुवारीत, ओहोटीला पाणी खोल ओसरण्याचे दिवस होते तेव्हा, समुद्रकाठच्या पुन्ता तेहोन गावात इंजिनियर आला. तेव्हा गावाला डांबरी रस्ता नव्हता. खाजणातल्या मगरी काठावर ऊन खात पडायच्या आणि पोरं त्यांना नावानं हाका मारायची. वाळूच्या टोकाला मोर्रो नावाचा काळा खडक होता आणि त्याच्या पायवाटेवर फ्रोसिनाची झावळ्यांची खानावळ. मोर्रो फोडून हॉटेल बांधायचं, होड्यांसाठी धक्का करायचा, असं ठरत होतं. जमीन गावाची, रविवारच्या सभेत हात वर झाले की काम झालं.

फ्रोसिनाचा नवरा अबाकुक रंगारी होता. ओहोटीला मोर्रोवरची गोगलगाय काठीनं सोडवायची, तिच्यावर फुंकर घालायची, तिनं सोडलेलं दूध डाव्या हातातल्या सुताला चोळायचं आणि तिला पुन्हा ओल्या सावलीत ठेवायचं. मारायची नाही. एका चंद्रात दोनदा पिळायची नाही. सूत आधी पिवळं होई, मग हिरवं, मग उन्हात जांभळं. आणि तो रंग काही केल्या जात नसे, त्याचा उग्र वासही.

अकरा वर्षांपूर्वी मोर्रोवरून लाटेनं अबाकुकला नेलं. सापडला नाही. मृतांच्या दिवशी मुलगी कासिल्दा बापासाठी मेणबत्ती काढी, तेव्हा फ्रोसिना तिचा हात धरी. “कामावर गेलेल्या माणसासाठी मेणबत्ती लावतात का कुणी?”

तिच्या बहिणीचा मुलगा फिलिबेर्तो गावचा कारभारी होता. तोच इंजिनियरला जेवायला घेऊन आला.

“मावशी, तुला हॉटेलात स्वयंपाकघर देतील. फरशीचं.”

“फरशीवर मी घसरेन,” फ्रोसिना म्हणाली. “बसा साहेब. मासा ताजा आहे. आधी जेवा, मग मला हाकला.”

गुरुवारी सकाळी इंजिनियरनं मोर्रोभोवती खुंट्या ठोकल्या आणि गावच्या दुकानातली पांढरी सुती सुतळी ताणली. दुपारी तो हात धुवायला आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता.

“बाई, हा काय चावटपणा?”

फ्रोसिना जाऊन बघून आली. चारशे हात सुतळी, या टोकापासून त्या टोकापर्यंत जांभळी. वास तिच्या ओळखीचा होता.

“एका लडीला तीनशे गोगलगाई लागतात,” ती म्हणाली. “पिळायला एक अख्खी ओहोटी जाते. माझं वय एकाहत्तर. सकाळपासून मी इथं भाकऱ्या थापतेय, तुमचेच चार मजूर खाऊन गेलेत. एवढं सगळं मी केलं असेल, तर साहेब, मला कामावर ठेवा.”

मजूर हसले. इंजिनियर हसला नाही.

शुक्रवारी त्यानं नायलॉनची दोरी आणली. गोगलगाईचं दूध नायलॉनला धरत नाही, हे रंगाऱ्याचं पोरही सांगेल. दुपारपर्यंत तीही जांभळी झाली. मजुरांनी फावडी टाकली आणि ते निघून गेले.

शनिवारी तो एकटाच आला. नवी सुतळी बांधली आणि खुंटीशेजारी बसून राहिला. थोड्या वेळानं फ्रोसिना त्याला कॉफी घेऊन गेली आणि तिथंच बसली.

अकराच्या सुमाराला सुतळीचं समुद्राकडचं टोक ओलं झालं.

लाट तिथवर पोचत नव्हती. वारा पडला होता. ओल सुतळीवरून पुढे येत होती, एकेक वीत, मध्ये थांबत, जणू कुणी प्रत्येक वितीला नवी गोगलगाय शोधत होतं. मागे पिवळं, त्यामागे हिरवं.

“कोण आहे तिथे?” इंजिनियर पुटपुटला.

फ्रोसिना सुतळीवर वाकली. रंगारी जिथं सूत धरतो, तिथं रंग पोचत नाही. प्रत्येक वितीला पांढरे पट्टे सुटले होते. दोन शेजारी शेजारी. मग एका बोटाएवढी जागा रंगलेली. मग एक बारीक पट्टा.

अबाकुकचं डाव्या हाताचं करंगळीजवळचं बोट तरुणपणीच गळाच्या दोरीनं नेलं होतं.

“माझा माणूस आहे,” ती म्हणाली. “कॉफी घ्या. निवतेय.”

रविवारी देवळासमोर सभा भरली. फिलिबेर्तोनं आदल्या आठवड्यात घरोघर जाऊन माणसं वळवली होती. फ्रोसिना पहिल्या रांगेत बसली, हात मांडीवर ठेवून.

“मला कुणाशी भांडायचं नाही,” ती म्हणाली. “ज्याला मोर्रो द्यायचा, त्यानं हात वर करावा. नीट, सगळ्यांना दिसेल असा.”

“हे बघ, केला,” फिलिबेर्तो म्हणाला.

पुढची माणसं त्याच्या तळव्याकडे बघू लागली. मग त्यानंही बघितलं.

तळवा पिवळा होता.

उन्हात तो हिरवा होत गेला.

दुसरा एकही हात वर आला नाही.

इंजिनियर सोमवारच्या बसनं गेला. वर्षभरानं त्याचं एक पत्र आलं. बोटांचा वास कशानं जातो, एवढंच विचारलं होतं. फ्रोसिनानं कासिल्दाकडून उत्तर लिहून घेतलं: जात नाही, सवय होते. फिलिबेर्तोनं कारभार सोडला आणि खाजणात होडी चालवायला लागला. उजवा हात खिशातून काढायचा असेल तेव्हा आधी सूर्य कुठं आहे ते बघायचा. मोर्रो आहे तिथंच आहे.

फ्रोसिना सत्त्याण्णव साली, भर दुपारी, चुलीपुढं बसल्या बसल्या गेली. त्या वर्षी मृतांच्या दिवशी कासिल्दानं पहिल्यांदाच दोन मेणबत्त्या मांडल्या. दोन्ही एकाच पुडीतल्या.

आईची लगेच पेटली. बापाची पेटेना. सहा काड्या गेल्या. तिनं वात चिमटीत धरली, तर ओली लागली. मेणबत्ती घेऊन ती दारात उन्हात आली आणि तिथंच थांबली.

वात पिवळी होती, आणि हळूहळू हिरवी होत होती.