मखमलीच्या आठ पट्ट्या

जिन्याच्या वळणावर ती अडकली, कारण वरून एक शिडी खाली येत होती... आणि शिडीमागे तो.

"साहेब वर आहेत का?" तिनं विचारलं. पडद्यांच्या कारखान्यात कापड कापायच्या कामावर तिचा हा दुसराच दिवस.

"आहेत. पण काही विचारायचं असेल तर जेवून जा. वेळ फार लागतो आणि उत्तर मिळत नाही."

ती हसली – आणि मग रोज काहीतरी निमित्त काढून त्या जिन्यात घुटमळू लागली. तो पडदे टांगणारा फिटर. खांद्यावर शिडी असली तरी तिला वाट द्यायला भिंतीला चिकटायचा, सदऱ्याला चुना लागला तरी बेहत्तर.

मग एका सभागृहाचं मोठं काम आलं. मखमलीच्या आठ पट्ट्या. मखमल तिनं जन्मात कापली नव्हती. साहेबांना विचारलं, तर फोनमधून डोकं वर न काढता ते म्हणाले, "नेहमीसारखं करा." नेहमीसारखं म्हणजे कसं, देव जाणे. फिटरला विचारता आलं असतं. पण त्याच्यासमोर अडाणी ठरायचं? छे. तिनं मखमलीचं थान टेबलावर मागे-पुढे दुमडलं आणि आठही पट्ट्या कापून मोकळी झाली.

सभागृहात पडदा टांगला, दिवे लागले आणि घोळ उघडा पडला. दुमडून कापल्यामुळे एकाआड एक पट्टीत मखमलीची लव उलट्या दिशेनं गेली होती. एक पट्टी गडद, एक फिकी.

"उलट्या टांगल्यास की काय?" साहेब सगळ्यांदेखत फिटरवर डाफरले. "एवढंही कळत नाही?"

कड्या एकाच कडेला शिवलेल्या; पट्टी उलटी टांगताच आली नसती. तो तेवढं बोलला असता तरी सुटला असता. पण त्यानं नुसतं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि शिडी उचलली. ती गप्प राहिली. दुपारी तिनं डबासुद्धा उघडला नाही, इतकी तिला स्वतःची लाज वाटली.

शेवटी ती कारखान्यात साहेबांसमोर उभी राहिली. "कापताना मी चुकले. त्यांचा दोष नाही." शिवणाऱ्या बायांची मशिनं थांबली.

"आधी विचारायचं ना मला."

"विचारलं होतं. तुम्ही सांगितलं नाहीत... आणि न कळताच मी कापलं."

सभागृहात तो पट्ट्या उतरवत होता. ती खाली शिडी धरून उभी राहिली. वर बघायची हिंमत नव्हती.

"सांगून आले मी."

"ओरड्याचं काही नाही हो," वरून आवाज आला. "तुम्ही गप्प राहिलात, ते लागलं. मला का नाही विचारलंत?"

"तुमच्यापुढे हुशार दिसायचं होतं. माफी मागायला तोंड नाही मला. पण... तुम्ही मला आवडता. आणि हे सांगायला याहून वाईट दिवस शोधून सापडला नसता."

तो सावकाश उतरून तिच्यासमोर आला.

"रागावलोय मी. खरंच. पण उद्या नवी मखमल कापायला घ्याल, तेव्हा दुसरं टोक मी धरीन. रागावलेलाच असेन कदाचित... पण येईन."