विषाचं विरजण

सोलापूरच्या एका बंद मिलच्या रंगखात्यात डॉ. सुनेत्रा येमूलची प्रयोगशाळा होती. छप्पर अर्धं उडालेलं, उपकरणं मात्र नवीकोरी. तिथे ती मातीचा दगड करणाऱ्या जीवाणूंचं विरजण मातीला लावत असे. त्या मातीच्या चार खोल्या आवारात उभ्याही राहिल्या होत्या.

"तुझा शिलाजीवाणू मला हवाय," डॉ. गोगटे म्हणाले. एके काळचे तिचे गुरू, आता बिल्डर मेंगाणेंचे सल्लागार. शहराबाहेरचा गवताळ माळ खरवडून मेंगाणे 'क्षितिजनगर' वसवत होते.

"न्या की सर. पण माळावर तो लागायचा नाही."

"का?"

"आपण प्राणवायूवर जगतो, तसा हा क्रोमियमवर. मिलने कापड रंगवता रंगवता जे विष जमिनीत मुरवलं, तेच याचा श्वास. श्वास घेताना तो मातीचे कण सांधतो आणि विष दगडात कायमचं कोंडतो. रात्रीत भिंत दगड होते. स्वच्छ मातीत मात्र तो गुदमरून मरतो. चिखलाचा चिखलच राहतो."

"मेंगाणेंना वाटतं, तू गुपित दडवतेस."

दारात नरसम्माक्का उभ्या होत्या. मिलच्या चाळीचं पुढारपण त्यांच्याकडे होतं. विषारी जमिनीवर वस्ती नको, सबब चाळ क्षितिजनगरात हलवावी, असा ठराव महापालिकेपुढे आला होता. त्यात रहिवाशांची काळजी नुसती ओसंडून वाहत होती. घरं मेंगाणेंकडून विकत घ्यायची होती, एवढंच त्यात बारीक अक्षरात होतं.

"दे गं त्यांना," अक्का म्हणाल्या. "विरजण मागायला आलेल्याला रिकाम्या हातानं धाडू नये. आन् साहेब, आमी इथनं हलणार न्हाई, तेबी सांगा तुमच्या मालकाला."

मेंगाणेंनी माळावर मांडव घातला. भिंत उभी राहिली की ठराव मंजूर व्हायचा होता, म्हणून नगरसेवक बोलावले, चाळही बोलावली. तिथलीच माती सर्वांदेखत खणून, विरजण कालवून साच्यात भरली आणि साच्याला मोहोर लावली. दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळे जमले.

"मिल बंद पडली तेव्हा तिथल्या टाक्या माझ्या वडिलांनीच उपसल्या," मेंगाणे माइकवर म्हणाले. "ती घाण काय असते, आम्हाला विचारा. आणि इथली ही माती बघा. बाई म्हणत होत्या, इथे भिंत उभी राहणार नाही."

फळ्या काढल्या. त्यांनी स्वतः हातोडा हाणला, तो उसळून मागे आला. मांडव टाळ्यांनी दणाणला.

सुनेत्राला वाटलं, आयुष्याचं काम चुकलं, वर चाळही गेली. अक्कांकडे पाहायची तिला लाज वाटली. मग तिचं लक्ष गोगट्यांकडे गेलं. टाळ्या न वाजवणारे तेवढेच होते. ते रुमालाने कपाळ पुसत होते.

तिला एकदम उमगलं. ती उठून उभी राहिली.

"सर, हा इथे कशावर जगला?"

गोगटे रुमालाची घडी घालत राहिले. नोकरी आणि शास्त्र यांतलं काय सोडायचं, याचा हिशेब चालला असावा. शेवटी त्यांनी माइक ओढून घेतला.

"क्रोमियमवर. त्याला दुसरं काही चालत नाही."

टाळ्या विरल्या. सुनेत्रा मेंगाणेंकडे वळली.

"तुमच्या वडिलांनी टाक्यांतला गाळ उपसला, तो टाकला कुठे?"

मेंगाणेंनी हातातला हातोडा हळूच टेबलावर ठेवला. एका म्हाताऱ्या नगरसेवकाने ठराव चष्म्याजवळ धरून पुन्हा वाचला. 'विषारी जमिनीवर वस्ती नको.' त्या ओळीत कुठल्या जमिनीचं नाव नव्हतं; ती आता क्षितिजनगरालाही लागू होती.

"म्हणजे क्षितिजनगरात आधीच राहायला आलेले लोक..." कुणीतरी म्हणालं.

नरसम्माक्का पदर खोचून उठल्या.

"त्यांना आमच्याकडं धाडा," त्या म्हणाल्या. "आमच्या चार खोल्या तयार हायत. तिथलं विष भिंतीत कोंडलंय."