आठव्या पेटीतली नक्षी

"मामा, थांबा! ती नक्षी नाहीये!"

ग्रंथालयाच्या तळघरात तिघं धापा टाकत शिरली, तेव्हा बाइंडरमामांचा हात कटिंग मशीनच्या दांड्यावर होता. पात्याखाली जुन्या पानांची चळत होती.

सुट्टीत तिघं प्रदर्शनाच्या मदतीला आली होती. मुलखात एकमेकींशी काही नातं नसलेल्या सात भाषा, त्यांच्या सात जुन्या लिप्या, सात टेबलं; जुन्या पानांच्या पेट्या मात्र आठ. चष्मिसने कालच हेरलं, की आठव्या पेटीतली नक्षी कुठेच पुन्हा तशीच येत नाही. आज लंबूने भिंग लावलं, तर मध्येच खाडाखोड. नक्षीत कोण चूक खोडतं? ग्रंथपालकाकांनी मात्र 'शोभेचा कागद' अशी चिठ्ठी डकवून ती पानं पुठ्ठ्यांच्या अस्तराला कापायला धाडून दिली होती!

तिसरी भिंगरी. ती कालपासून मिठाची गुळणी धरून बसली होती.

तिला ते वाचता येत होतं. तिची आई इथेच वरच्या खोलीत पुस्तकं शिवायची आणि घरी याच अक्षरांत निरोप लिहून ठेवायची. परवा काकांनी पानं दाखवून आईला विचारलं, हे काय असेल? आई तोंड उघडणार, तोच भिंगरी मध्ये पडली. "काही नाही काका, नक्षी आहे." दोस्त शेजारीच उभे होते. आपली आई असलं काहीतरी लिहिते, हे त्यांना कळायला नको होतं. आई मान खाली घालून दोरा ओवत राहिली. तेव्हापासून भिंगरीला घास गोड लागत नव्हता.

आरडाओरडा ऐकून काका खाली आले, मागोमाग आई. सगळं ऐकून काकांनी कपाळावर हात मारला आणि तिघांच्या पाठी थोपटल्या.

भिंगरीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला शाबासकी नको. मी खोटं बोलले होते. ही आमची लिपी आहे. आईला येते, मलाही येते. मला लाज वाटली म्हणून बोलले."

लंबू बुटांकडे बघत राहिला. काकाही ओशाळले. "तुझ्या आईंचं उत्तर मी ऐकून घ्यायला हवं होतं," ते पुटपुटले, "आता आठवं टेबल मांडतो."

आईने हात पदराला पुसले, पात्याखालचं वरचं पान अलगद काढलं आणि भिंगरीच्या हातात दिलं.

"वाच. सगळ्यांना ऐकू जाईल असं."

भिंगरी वाचायला लागली. आईकडे बघायचा तिला धीर होत नव्हता. तिसऱ्या ओळीत एक शब्द अडला, तेव्हा मात्र बघावंच लागलं.