ठावठिकाणा

जुनं नकाशाचं ॲप मी काढून टाकलं ते पाळण्यांमुळे. पाचव्या महिन्यात आमचं मूल गेलं. दवाखान्याच्या फेऱ्या थांबल्या, पण फोनला ते कुणी सांगितलं नव्हतं. पाळण्यांच्या, दुपट्यांच्या जाहिराती येतच राहिल्या.

माझा धाकटा भाऊ सुदर्शन खराडीत प्रोग्रॅमर आहे. त्याने दोन ॲप सुचवली. "दोन्ही ओपन सोर्स. कोड कुणीही वाचून बघावा. अकाउंट नाही, जाहिरात नाही. महाराष्ट्राचा नकाशा एकदा उतरवून घे आणि नेट बंद ठेव. तू कुठे गेलीस ते कुणालाही कळणार नाही."

एकात पेठांमधले एकेरी रस्ते चुकीचे होते. दुसरं मराठीत बोलायचं. मी दुसरं ठेवलं.

रविवारी दुपारी माझा नवरा बद्रीनाथ आणि मी स्कूटरवरून खडकवासल्याच्या पुढे निघालो, मुक्ताईआत्याकडे. फोन हँडलला लावलेला, नेट बंद. एका बाईचा सपाट आवाज वळणं सांगत होता. धरणाची भिंत मागे पडली. भाजलेल्या कणसांचा धूर, पाण्याचा वास, उन्हाने तापलेली सीट.

"वेग कमी करा," आवाज म्हणाला. "मध्ये मूल बसलं आहे."

बद्रीनाथने स्कूटर कडेला घेतली. "तुझ्या भावाला चेष्टेला हाच विषय मिळाला?"

मी सुदर्शनला फोन लावला. तो हसला नाही. थोडा वेळ नुसती कीबोर्डची टकटक ऐकू आली.

"ताई, ॲप जे जे बोलतं ते सगळं एकाच फाइलमध्ये असतं. आत्ता उघडून बघितली. 'मूल' हा शब्दच नाही त्यात."

"मग बोललं कोण?"

"तुम्ही घरी या."

बद्रीनाथने फोन बंद करून माझ्या पर्समध्ये टाकला आणि स्कूटर वळवली. आम्ही जेमतेम पुढच्या वळणापर्यंत आलो असू.

"मागे वळा," पर्समधून आवाज आला. "मूल पाण्याजवळ राहिलं आहे."

"बंद केला होतास ना?"

"केला होता."

"थांबू नकोस," मी म्हणाले. "प्लीज, थांबू नकोस."

तो थांबला. मग वळला.

काठावर कुणी नव्हतं. पाणी अगदी स्थिर. बद्रीनाथने हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. नाव ठेवलंच नव्हतं आम्ही.

आम्ही परत स्कूटरवर बसलो.

"निघा," पर्स म्हणाली.

सिंहगड रोडची गर्दी लागली. सिग्नलला तो मान न वळवता म्हणाला, "हात जरा सैल कर. गार लागतायत पोटाला."

माझे दोन्ही हात सीटमागच्या दांडीवर होते.