ढील

१९७३ च्या उन्हाळ्यात मी सोलापुरातल्या एका सायंदैनिकात उपसंपादक होतो. अंक सकाळी अकराला छपाईला जाई आणि दुपारी बाराच्या सुमारास मी नवी पेठेतून चालत घरी येई. घर म्हणजे स्टेशनच्या मागच्या बाजूला, चनमल्लप्पांच्या अंगणातली भाड्याची खोली. चनमल्लप्पा, म्हणजे आप्पा, रेल्वेतून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. घरात ते आणि त्यांची बायको अक्कम्मा, दोघंच. नळाला चौथ्या दिवशी पाणी येई, तेही तासभर.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्या अंगणात शिडाची नाव आली.

अकरा फूट लांब, सागवानी. विलायतेला परत जाणाऱ्या एका रेल्वे अधिकाऱ्याकडून आप्पांनी ती कधीकाळी घेतलेली. हिप्परग्याच्या तलावावर ती असे. पाच वर्षांपूर्वी त्यांचा एकुलता मुलगा शिवयोगी ती घेऊन एकटाच गेला. नाव काठाला लागली. तो लागला नाही. या वर्षी तलावाचा तळ उघडा पडला, तेव्हा आप्पा काठी घेऊन अकरा दिवस त्या भेगाळलेल्या गाळातून फिरले. सदऱ्याचं बटणसुद्धा सापडलं नाही. बाराव्या दिवशी ते नाव घेऊन आले.

"आमच्यात माणसाला जाळत न्हाईत, मातीत बसवत्यात," अक्कम्मा मला म्हणाली. "त्याला माती न्हाय मिळाली."

नाव ठेवण्याचं काम आप्पांनी फोरमनच्या शिस्तीत केलं. डोलकाठी उतरवून भिंतीशी आडवी ठेवली. शीड घडी घालून ट्रंकेत. कडुलिंबाखाली रेल्वेचे दोन जुने लाकडी स्लीपर टाकून त्यांवर नाव सरळ बसवली. तळाचं बूच काढलं. उन्हानं फळ्या उकलू नयेत म्हणून आत ओली पोती अंथरली. त्यासाठी रोज स्वतःच्या वाट्याचा एक तांब्या. वरून ताडपत्री.

वावटळीत हलू नये म्हणून ती बांधली अक्कम्माच्या भावानं, निंगप्पानं. मैंदर्गीचा शेतकरी. गाडी-बैल त्याचेच. त्यानं काथ्याच्या दोरखंडाचा सैल फास कडुलिंबाच्या बुंध्याभोवती टाकला आणि दुसरं टोक नावेच्या नाकाला बांधलं. मधे दोन हात दोर लोंबत राहिला.

"मामा, एवढी ढील कशाला?" मी विचारलं.

"जनावराला उठाय-बसाय नको व्हय?"

"ही उठणार आहे का?"

"पेपरवाले, बांधल्यालं ते जनावर," तो हसत म्हणाला. "वढ बसली तर फास बुंध्यावर वर-खाली सरकतोय. गळ्याला काचत न्हाय."

आप्पा हसले नाहीत. "बरोबर बांधलास," ते म्हणाले. "आखूड बांधलेली नाव पाणी चढलं की जागच्या जागी बुडते."

तेव्हा अंगणातली माती पायाला चटके देत होती.

सरपणासाठी लोक कुंपणंसुद्धा उपटून नेत होते. म्हणून आप्पा दुपारी नावेजवळ, कडुलिंबापासून नऊ हातांवर बाज टाकून झोपू लागले. ते आडवे झाले की अक्कम्मा खराट्यानं सगळं अंगण झाडी, मागं मागं सरकत, थेट स्वयंपाकघराच्या दारापर्यंत. रेघा मोडल्या तर कुणी आलं-गेलं ते कळावं, हा तिचा हिशेब. मी आलो की भिंतीकडेनं खोलीत जाई, रेघा न मोडता.

पंचवीस तारखेला मला फासाखालची साल घासलेली दिसली. जमिनीपासून नऊ इंचांवर ताजा, हिरवट ओरखडा. सैल फास खाली घसरायला हवा, तो उलट वर चढला होता. दुसऱ्या दिवशी ओरखडा दहा इंचांवर गेला. मी ऑफिसातली पट्टी घरी आणली. अकरा. बारा. नाव स्लीपरवर चार बोटं तिरकी झाली होती. तिला उचलायला चार माणसं लागली होती, आणि खराट्याच्या रेघा शाबूत होत्या.

वारा, असं मी वहीत लिहिलं. त्या आठवड्यात पानही हललं नव्हतं. तो शब्द मी खोडला.

मग आप्पांचा खोकला सुरू झाला. फक्त दुपारी, बाजेवर असताना. ठसका लागल्यासारखा.

"वाढतंय," एकदा डोळे मिटूनच ते म्हणाले.

"काय, आप्पा?"

"तुमी मोजताय की. मला काय इचारता?"

"आत झोपा ना. मी बसतो इथं राखणीला."

"पोरगं नाव शोधत येईल. कुणी वळखीचं नको हितं?"

बाजेची उंची मी त्याच दिवशी मोजली. अठरा इंच. ओरखडा सोळावर होता.

चार मेच्या सकाळी आप्पा रेशनच्या रांगेत गेले, तेव्हा अक्कम्मा माझ्या दारात आली. आत आली नाही.

"काल त्यांचं धोतर वाळत घातलं मी. नळाला पाणी न्हाय, मग कशानं भिजलं ते?"

"घाम असेल."

"घामाला शेवाळाचा वास येतोय?" तिनं नावेकडे बोट केलं. "पेपरवाले, पोरगा गेला. म्हातारा जाऊ द्याचा न्हाय मला. ते जनावर वढ घेतंय. त्याला आखडून बांधा."

मला हे पटलं. खरं सांगायचं तर, काहीतरी करायला मिळालं याचं बरं वाटलं. मी फास काढला. दोर खाली ओढून कडुलिंबाच्या उघड्या मुळाला बांधला, ढील न ठेवता. गाठ मारली ती पेपरचे गठ्ठे बांधायची. तिला सोडत नाहीत, कापतात. बुंध्याआड असल्यानं ती बाजेवरून दिसणार नव्हती.

मग मी ऑफिसला गेलो.

बारा वाजून दहा मिनिटांनी फाटक उघडलं. अंगण झाडलेलं होतं. आप्पा बाजेवर उताणे होते. खोकला नव्हता.

नावेचं नाक खाली ओढल्यासारखं मुळाकडे वाकलं होतं. ताडपत्री आत खचली होती.

मी फाटकातूनच हाक मारली. मग भिंतीकडेनं बाजेपर्यंत गेलो.

अंग गरम होतं. उन्हात सगळंच गरम होतं.

माझी हाक ऐकून अक्कम्मा स्वयंपाकघराच्या दारात आली. उंबऱ्यावरच थांबली.

"वढ सोडली का हो त्यानं?" तिनं विचारलं.



डॉक्टरांनी उष्माघात लिहिलं. दुसऱ्या दिवशीच्या अंकात मी तीन ओळींची बातमी दिली, तीही तशीच. त्या उन्हाळ्यात अशा बातम्या रोज येत. निंगप्पानं आप्पांना मातीत बसवलं. नाव हलवण्याआधी त्यानं ताडपत्री काढली. आत काठोकाठ काळा, ओला गाळ होता.

बातमीत न आलेलं एवढंच. आप्पांच्या बोटांची टोकं धुणं धुणाऱ्या बाईच्या बोटांसारखी सुरकुतलेली होती. दहाही नखांत काथ्याचे धागे होते. माझी गाठ सुटलेली नव्हती, पण नखांनी कुरतडून कुरतडून तिचा एक पदर निम्मा झाला होता.

बाजेपासून मुळापर्यंत नऊ हात. मी दोनदा पाहिलं. खराट्याच्या रेघा सरळ होत्या. पाऊल एकही नव्हतं.